कातानोच्या बदकांचं पेन

त्या सकाळी मी इवाओ मिनोबेच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर फेस, गळ्याला पांढरं फडकं. बाहेर आमच्या दाइशोजीचा ओला, जड बर्फ पडत होता आणि स्टोव्हवरची किटली खदखदत होती. इवाओचा वस्तरा माझ्या कानाखाली आला की मधेच थबकायचा. दारासमोरून कुणी गेलं तरी तो मान वर करून पाहायचा.

"अरे, माझा गळा आहे तो," मी म्हणालो. "दाराकडे बघत कापू नकोस."

"गप बस, हामादे. बोललास की गाल हलतो."

इवाओ आणि मी एका वर्गातले. त्याचं केशकर्तनालय, शेजारी माझं तांदळाच्या मिठाईचं दुकान. चाळीस वर्षं त्याने या गल्लीतली डोकी भादरली. दारू बेताची, पत्ते नाहीत, पाचिंकोच्या जुगारी दुकानाची पायरी कधी चढला नाही. खूळ एकच. लाखेच्या रोगणाची, वर सोन्याच्या पुडीने चित्र काढलेली शाईची पेनं.

हे खूळ त्याला उमेदवारीच्या दिवसांत लागलं. यामानाकाच्या एका गरम झऱ्याच्या विश्रामगृहात तो म्हाताऱ्या पाहुण्याची दाढी करायला गेला होता. त्या पाहुण्याने काहीतरी लिहायला खिशातून काळंभोर पेन काढलं आणि त्याच्या टोपणावर एक सोनेरी खेकडा होता, नखाएवढा. इवाओ सांगायचा, "तो खेकडा माझ्याकडे बघत होता रे." पुढे त्याने सिगारेट सोडली, मोटारसायकल विकली, लग्नाच्या वाढदिवसाची सहल दोनदा रद्द केली, आणि आयुष्यभरात सात पेनं जमवली. हिवाळ्यात स्टोव्हने हवा कोरडी पडून रोगणाला तडा जाऊ नये म्हणून पेनांच्या कपाटात तो पाण्याची वाटी ठेवायचा. त्याची बायको फुसाए म्हणायची, "मला ताप आला तर उशाशी पाण्याचा पेला ठेवत नाहीत हे." नववर्षाची कार्डं मात्र तो त्याच पेनांनी लिहायचा. अक्षर म्हणजे गांडुळांची वरात.

सातांतलं त्याचं लाडकं पेन म्हणजे बदकांचं. आमच्या कातानोच्या तळ्यावरून संध्याकाळी बदकं उठतात आणि टेकडीवरचे शिकारी हातातलं जाळं उंच फेकतात, ते दृश्य. काळ्या रोगणावर सोन्याच्या पुडीची बदकं, प्रत्येक तांदळाच्या दाण्याहून लहान. टोपणावरचं एक बदक मान वळवून मागे पाहतंय. खाली लाल रोगणात सही: रान्केइ. म्हणजे यामानाकाचे ओगुनी गुरुजी, त्यांचं कलेतलं नाव.

याच ओगुनी गुरुजींच्या भीतीने इवाओ दाराकडे बघत होता.

पंधरवड्यापूर्वी फुकुइहून कुरोइवा डॉक्टरांचा फोन आला होता. तेही पेनवेडे. इवाओने मला नंतर सांगितलं ते असं. गुरुजी त्यांच्या घरी आले, चहा घेतला, एका विशिष्ट काळातलं आपलं पेन पाहायला मागितलं, आणि डॉक्टर बिस्किटं आणायला उठले तेवढ्यात बाहीतून चाकू काढून पेन आडवंतिडवं खरवडून टाकलं. ताकाओकात तर एका बाईंचं पेन त्यांनी सरळ शेगडीत घातलं. त्या काळातली पेनं पाच-सहाच. "आता तुझी पाळी," डॉक्टर म्हणाले. "आला तर दार उघडू नकोस."

पण न्हाव्याने दार उघडायचं नाही म्हणजे काय करायचं? इवाओने ते पेन मऊ कापडात गुंडाळून पोटाच्या लोकरी पट्ट्यात खोचलं. दिवसभर पोटाशी, झोपतानाही. फुसाए म्हणाली, "निदान कूस बदलताना तरी सांभाळा. माझ्यावर बदकं सांडायची."

दाराची घंटा वाजली.

आत आले ते एक लहानखुरे म्हातारे गृहस्थ. कोटावर बर्फ, उजवा हात खिशात. इवाओच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हेच ते.

"दाढी करून मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"बसा," इवाओ म्हणाला. मला तसाच अर्धवट सोडून त्याने त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवलं. मी आरशातून पाहत राहिलो. गरम पंचा, फेस, वस्तऱ्याची चामड्यावर चटचट. म्हाताऱ्याने डोळे मिटले. इवाओचा हात स्थिर होता, पण कपाळावर घाम.

"तुमचं नाव मिनोबे ना?" डोळे न उघडता ते म्हणाले. "माझं एक पेन तुमच्याकडे आहे. बदकांचं."

वस्तरा गळ्यावर थांबला.

"होतं," इवाओ म्हणाला. "विकलं."

"कुणाला?"

"नाव आठवत नाही."

"मिनोबेसान, मोटारसायकल विकून घेतलेलं पेन माणूस विकतो आणि कुणाला ते विसरतो?" त्यांनी डोळे उघडले. "चौकशी करूनच आलोय मी."

इवाओने वस्तरा बाजूला ठेवला, पंच्याने त्यांचा गळा पुसला. "गुरुजी, तुमच्या पाया पडतो. पण ते मागू नका. बाकीच्या सहांतलं हवं ते न्या."

तेव्हा त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला. तो हात झाडाच्या पानासारखा लटलट हलत होता. डाव्या हाताने तो धरून ते खुर्चीतून उतरले आणि खालच्या कापलेल्या केसांत गुडघे टेकून बसले. मी तोंड फिरवलं. एवढा मोठा कलावंत केसांत बसलेला पाहवेना.

"हा हात बारा वर्षांपूर्वी असा झाला," ते खाली पाहत म्हणाले. "तोक्योहून आलेल्या पेनांच्या कामाला आधीच हो म्हटलं होतं. नाही म्हणायची लाज वाटली. ती सगळी पेनं माझ्या बायकोने केली. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून ती सोनं पेरत होती, तिला सगळं येत होतं. एखाद्या सकाळी हात शांत असला की मी फक्त सही करायचो."

इवाओने स्टोव्हवरची किटली खाली उतरवली.

"मग कानाझावात समारंभ झाला. मला मंचावर बोलावलं. कुणीतरी विचारलं, ही बदकं इतकी जिवंत कशी? मी म्हणालो, हिवाळेच्या हिवाळे तळ्याकाठी बसलो." त्यांनी मान हलवली. "मी डोंगरातला माणूस. बदक उठताना कधी धड पाहिलेलं नाही. तिचे वडील कातानोत जाळं फेकायचे. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने कुंचले धुतले, बांधून ठेवले, ते आजतागायत. यंदा एक संग्रहालय माझं प्रदर्शन भरवतंय. मधोमध तीच पेनं मांडणार. मला ते खोटं नाव तिथे नको. द्या ते."

इवाओने दाराकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता त्यांना हाकलणार. पण त्याने सदरा वर केला, पट्ट्यातून कापड काढलं आणि उलगडलं. देण्यासाठी नसावं ते. ज्याचा संबंध आहे त्याच्यासमोर लपवून ठेवणं त्याला जमेना, एवढंच असावं.

गुरुजी इतक्या चपळाईने उठले की आम्हाला कळलंच नाही. डाव्या हाताने पेन, उजव्याने ताटातला वस्तरा. पाठ भिंतीला लावून त्यांनी पातं पेनावर टेकवलं. तो हात, ते पातं. पातं सहीवरून बदकांवर, बदकांवरून त्यांच्याच अंगठ्यावर नाचत होतं.

"गुरुजी!" इवाओ एक पाऊल पुढे झाला.

"जवळ येऊ नका!"

मी फडक्यासकट उठलो. फेस डोळ्यांत गेला. पुढे जावं तर त्यांचा अंगठा तुटेल, न जावं तर पेन जाईल. इवाओ हात पसरून उभा होता, चवताळलेल्या मांजराला समजवावं तसा. "मी काही करत नाही," तो हळू आवाजात म्हणत होता. "पातं उलटं धरलंय तुम्ही. बोट जाईल. आधी पातं फिरवा. मी शिकवतो कसं धरायचं." गुरुजींच्या अंगठ्यातून रक्त आलं आणि काळ्या रोगणावरून ओघळलं.

घंटा पुन्हा वाजली. दारात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक म्हातारी, धापा टाकत. मागे फुसाए. बाई बस थांब्यावर पत्ता विचारत होत्या, तिने त्यांना आणलं होतं.

"हाताच्या मालिशला जातो म्हणून सांगता ना?" म्हातारी म्हणाली. "ही का मालिश?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "मित्सुए, तू यात पडू नकोस. मी माझं नाव काढतोय."

"तुमचं नाव?" बाई बूट न काढताच आत आल्या. "डॉक्टरांच्या बायकोने काल फोनवर सगळं सांगितलं. फुकुइचं पेन, त्यावर काय होतं आठवतंय? लव्हाळ्यातली पिल्लं. ताकाओकाचं? पहाटेचं धुकं. ते पेरता पेरता माझी मान धरली होती महिनाभर. तुमचं एवढंसं नाव खोडायला माझी पिल्लं कापलीत, माझं धुकं जाळलंत. आता बदकं पण मारा! माझ्या बापानेसुद्धा एका संध्याकाळी एवढी मारली नसतील."

"मला वाटलं... तुला ती पेनं डोळ्यांसमोर नको असतील."

"मला विचारलंत?"

म्हाताऱ्याने पातं पेनावरून थोडं उचललं.

"तेव्हाही विचारलं नाहीत, आताही नाही. खोटं बोलताना एकटे, खरं बोलतानाही एकटेच. द्या तो वस्तरा मालकांना. लहान मुलाच्या हातात देऊ नये तो तुम्ही धरलाय."

ते भिंतीवरून घसरत खाली बसले. इवाओने आधी वस्तरा काढून घेतला, मग पेन. फुसाएने त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधली. इवाओने पेनावरचं रक्त पुसलं आणि उजेडात धरलं. मागे पाहणाऱ्या बदकाच्या पंखावर केसासारखा एक ओरखडा होता. मग त्याने ते पेन दोन्ही हातांनी मित्सुएबाईंपुढे धरलं.

"बाई, हे तुम्ही न्या. नाव बदला, नाहीतर काढा. तुम्हाला वाटेल ते करा."

"वेडे आहात का? रान्केइचं नाव गेलं की याला कुत्रं विचारणार नाही."

"इतकी वर्षं मी कुणाचं पेन पोटाशी धरून झोपतोय ते तरी मला कळू दे."

"पंधराच दिवस," फुसाए म्हणाली. "त्याआधी माझ्या शेजारी झोपायचे."

मित्सुएबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन घेतलं. टोपण उघडून निबाकडे पाहिलं. "इतकी केली, पण मी एकानेही कधी लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. इवाओने धावत जाऊन शाई आणली. कालच्या वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी एक रेघ ओढली, मग आणखी एक. "बरं चालतं," म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "उठा. बाराची बस आहे. अर्धीच दाढी झालीय तुमची, ती करून घ्या आधी."

"माझीही," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पेन चेरी फुलून गेल्यावर परत आलं. रान्केइ घासून काढलं होतं, त्या जागी नवं काळं रोगण आणि लहान अक्षरात "मित्सुए". ओरखडा मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. गुरुजींनी संग्रहालयाला सगळं स्वतः सांगितलं. प्रदर्शन रद्द झालं, वर्तमानपत्रात नको ते छापून आलं, जुनी गिऱ्हाइकं तुटली. कुरोइवा डॉक्टर आधी फोनवर ओरडले, मग वर्षभराने आपलं खरवडलेलं पेन दुरुस्तीला बाईंकडेच पाठवलं. बाई आता थोडं काम करतात. सोन्याची पूड चाळायचं काम गुरुजींकडे आहे. हात हलतोच, चाळणीला तो चालतो, असं बाई म्हणतात.

इवाओला मात्र या प्रकाराने नवीच हुरहूर लावली. उरलेल्या सहा पेनांकडे तो वेगळ्याच नजरेने बघू लागला. याचं लाकूड कुणी कातलं? रोगणाचे थर कुणी चढवले? सही एकाची, बाकीचे कुठे? नवं पेन त्याने पुन्हा घेतलं नाही. सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा एक-एक पेन खिशात घालून तो बसने यामानाकाला जातो आणि दारोदार विचारत फिरतो. फुसाए म्हणते, पूर्वी पेनं गोळा करायचे, आता म्हाताऱ्या.

मागच्या महिन्यात मीही गेलो होतो त्याच्याबरोबर. नदीकाठच्या एका घरात नव्वदीची आजी सापडली. खेकड्याच्या पेनाला रोगणाचे थर तिनेच दिले असावेत असा इवाओला सुगावा लागला होता. उमेदवारीत पाहिलेल्या त्या खेकड्यासारखं एक त्याने पुढे कधीतरी मिळवलंच होतं. आजीने ते खिडकीपाशी नेलं, उलटंसुलटं केलं, गालावर घासून पाहिलं.

"माझंच असेल," ती म्हणाली. "नसेलही. तेव्हा शेकड्यांनी केली." मग इवाओकडे नीट पाहून विचारलं, "तू न्हावी ना रे? बाहेर पडवत नाही मला. ते पेन ठेव बाजूला आणि हे केस तेवढे कापून दे."

इवाओने कोट काढला, बाह्या सरसावल्या, आणि मला गरम पाणी आणायला पिटाळलं.