आक्काचं सपाट मापटं

आक्काची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. शनिवार होता. तिला धड बोलता येत नव्हतं, तरी मला बघताच पहिला प्रश्न आला, "दार लावून आलीस ना गं?" मी हो म्हटलं, तशी ती निवांत झाली... त्याच आठवड्यात गेली. लातुरातल्या आमच्या गल्लीत भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, आक्का फार मायाळू होत्या. खोटं कशाला बोलायचं? आक्का पक्की भांडखोर होती आणि मला तिच्या भांडणांचाच अभिमान आहे. त्यातलं सगळ्यात मोठं भांडण एका कुत्र्याच्या पोटावरून झालं होतं.

आक्का ही माझी थोरली आत्या. तिनं लग्न केलं नाही. आजोबांच्या मागं डाळीचं दुकान तिनंच सांभाळलं. लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. नव्या कचेऱ्यांसाठी बाहेरगावचे साहेब आणि कारकून येऊन राहत होते आणि नेमका दुष्काळ पडलेला. टँकर आला की घागरी घेऊन सगळी गल्ली धावायची. दुकानाच्या पायरीवर आक्काचा काळ्या बसलेला असे. अंगावर एक पांढरा केस नाही, आणि तेच त्याला भोवलं. साडेसाती असलेल्यानं शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची, अशी रीत. गल्लीत अस्सल काळा कुत्रा हा एकच आणि त्या वर्षी साडेसाती कुणाला नव्हती? पाऊस नाही म्हणून पोळी, पोरीचं जमत नाही म्हणून पोळी. शेजारी भाड्यानं राहणाऱ्या मालूकाकूंच्या यजमानांची नांदेडला परत बदली होत नव्हती, म्हणून त्यांच्याकडून गुळाच्या पुऱ्या. माणसं वाळत चालली आणि काळ्या फुगत चालला.

एके दिवशी त्याला पायरी चढता येईना. पुढचे पाय वर ठेवले, मागचे उचलेनात. तसाच आक्काकडं बघत उभा राहिला. आक्कानं त्याला हातगाडीवर घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, वजन उतरलं नाही तर हा फार दिवस काढत नाही. सांधे दुखावलेत, हृदयावर ताण आहे. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे, आणि एकदम उपाशी मारायचं नाही, हळूहळू कमी करायचं, हेही त्यांनीच समजावलं. घरी येताच आक्कानं दुकानातलं छोटं पितळी मापटं काढलं. आमच्या धंद्यात माप सपाट देत नाहीत. वर धान्याची शीग ठेवतात. सपाट माप अशुभ मानतात. आक्कानं मापट्यात भाकरीचा कुस्करा भरला आणि सगळ्यांच्या देखत तळहातानं शीग उतरवली.

पुढच्या शनिवारी काळ्या आत आणि दार बंद. मालूकाकू ताट घेऊन दारात उभ्या.

"आक्का, असं करू नका हो. आमची बदली अडून राहिली."

"तुमची बदली कचेरीत अडली हाय, माझ्या कुत्र्याच्या पोटात न्हाई. तेल शनीच्या देवळात न्या."

"मुक्या जनावराला उपाशी मारून राहिल्या तुम्ही! तेही दुष्काळात!"

"मारून तर तुम्ही राहिल्या... पुरी-पुरीनं."

झालं! गल्ली बिथरली. आक्कानं पुण्य अडवलं म्हणून पाऊस अडला, इथवर बोलणं गेलं. नेहमीची गिऱ्हाइकं दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागली. माझे वडील घाबरून म्हणाले, "आक्का, एखादी पोळी घालू दे की." ती म्हणाली, "शनी बसायचा तर माझ्या मानगुटीवर बसू दे. काळ्याच्या पाठीवर न्हाई." रोज सकाळी ती त्याला चालवायची. आधी कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत, मग थेट आडत बाजारापर्यंत. लोक हसायचे. आणि एका सकाळी काळ्या एका उडीत पायरी चढला. आजोबा गेले तेव्हासुद्धा न रडलेली आक्का तिथंच बसून हमसाहमशी रडली.

काकूंच्या यजमानांची बदली काही झाली नाही. ते लातूरचेच झाले. पुढं काकूंनी मांजर पाळलं, तर आक्का भिंतीवरून हात घालून त्याच्याही बरगड्या चाचपायची. दोघींचं बोलणं सुरू झालं ते असं, मांजराच्या पोटावरून.

परवाच्या शनिवारी मालूकाकू काठी टेकत आल्या. हातात तुपातला शिरा. पायरीवर आक्काची कुत्री शामी होती, हीही काळीच. काकूंचे डोळे भरून आलेले. "आक्कांच्या नावानं एक घास घालू दे गं शामीला. आता कोण अडवणार आहे?"

दारादारातून गल्ली बघत होती. मेलेल्या माणसाच्या नावाचा घास कसा अडवायचा?

"मी अडवणार, काकू," मी म्हटलं.

त्यांचा हात धरून शामीच्या बरगड्यांवर ठेवला. तो क्षणभर तिथंच राहिला. काकू रडता रडता हसल्या. "अगदी तीच आहेस," म्हणाल्या. आक्काच्या नावाचा घास मी त्यांच्या हातून खाल्ला. मग आत जाऊन मापटं भरलं आणि तळहातानं शीग उतरवली. शामीनं चाटूनपुसून खाल्लं, माझ्याकडं बघून शेपूट हलवली, आणखी मागितलं.

मी दिलं नाही.