पहिला घास छायाचा

छायाचं माहेर देवळीचं, सासर हिंगणघाटचं, आणि नवरा अंकुश जिनिंगात मशीनवर कापूस सोडणारा. माणूस साधा, मोजकं बोलणारा. मशीनच्या गडगडाटात कोणीतरी आपलं नाव घेऊन शिव्या घालतंय, असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती हसली होती. पण मे महिन्यात हंगाम संपला, मशिनी थंड झाल्या, तरी शिव्या थांबल्या नाहीत. भर दुपारी तो भिंतीला कान लावून बसायचा. तेव्हा मात्र छायाला हसू आलं नाही.

मग संशय जेवणावर गेला. "काय टाकून राह्यली तू याच्यात? ते सांगून राह्यले मले, तू मारतं म्हणून." ते म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. शेवटी रीतच पडली. ताटात तो बोट ठेवील तिथला पहिला घास छायाने खायचा, मग तो जेवणार. आठ वर्षांचा संसार, आणि बाईची रोज ताटापुढे परीक्षा!

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छायाला बाजूला घेऊन नीट समजावलं. "ही करणी नाही, बाधा नाही, आजार आहे. मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याचा जोर वाढला की साध्या खुडबुडीतही धोका वाटतो, नसलेले आवाज ऐकू येतात. ही गोळी तो जोर अडवते. पण वेळ लागतो, दोन-तीन आठवडे तरी. सुस्ती येईल. हात थरथरले तर मला सांगा. बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. आणि हो, त्यांना सांगूनच द्या."

सांगून! ज्याला भाकरीत विष दिसतं, तो गोळी गिळणार होय? दोन दिवस त्याने गोळ्या नालीत फेकल्या. तिसऱ्या दिवशी छायाने लाटण्याखाली गोळी भरडली, शिजलेल्या पातळ बेसनात ढवळली आणि रीतीप्रमाणे पहिला घास स्वतः खाल्ला. यात काही टाकलं नाही अशी त्याने शपथ घ्यायला लावली, तीही घेतली.

महिनाभरात माणूस परतू लागला. एकदा अंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसला, तर छाया आत जाऊन मनसोक्त रडली.

पण डोकं ताळ्यावर आलं की माणूस विचारही सरळ करतो, हे बापडीच्या ध्यानात आलं नाही. भुकटी कधी तिच्या घासात जास्त यायची. एका दुपारी भांडी आवरता आवरता ती पेंगायला लागली.

"काऊन व, बेसन खाल्लं का तुले झोप येते?" अंकुशने विचारलं.

ती हातातलं भांडं पुन्हा पुसू लागली.

"मलेही तवाच येते."

डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढून तिने पुढे ठेवलं. "तुमी बरे व्हावं म्हणून जी. मले तुमचं ते पाहवत नव्हतं."

"म्हंजे टाकत होती." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आवाज आता बारीक झाला, छाया. पण आज तो हासून राह्यला. म्हणते, मी खरं सांगत होतो का नाई?"

त्याच्या साऱ्या भासांतला एक तिने स्वतःच्या हाताने खरा करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अंकुशने आपणहून हात पुढे केला आणि गोळी अख्खी गिळली. ताटाला मात्र शिवला नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तो जिनिंगात जातो, दर महिन्याला दोघं सोबत वर्ध्याला जाऊन येतात. गोळी तो तिच्याच हातून घेतो, एक दिवस चुकवत नाही. भात मात्र आपला आपण शिजवतो, आणि ती जवळून गेली की भाताच्या गंजावर झाकण ठेवतो.