पुसलेली भिंत एस्टोनियात

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी अनुभव सांगू लागलं की सगळ्यात आधी हसणार मी! पण मंडळी, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय!

कळंबला, चिंतामणीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं एक गोदाम आम्ही चार चित्रकार मिळून चालवतो. मालक कुणी नाही, साहेब कुणी नाही. प्रदर्शन उतरलं की ज्याची पाळी असेल त्याने भिंतीला चुना मारायचा, हा आमचा नियम. त्याचा आम्हाला भारी अभिमान!

मागच्या हिवाळ्यात झरी जामणीकडून पारूबाई आल्या. घराच्या भिंती गेरूने रंगवणाऱ्या कोलाम आदिवासी बाई. एका दुपारीत त्यांनी आमची अख्खी भिंत भरली – डोंगर उतरणाऱ्या शेळ्या, आणि मधेच एक मागे वळून पाहणारी, तीन पायांची. "चवथा पाय काढाच्या आंधीच गेरू सरला," म्हणून हसल्या. तिथे आम्ही दोघीच होतो. फोटो उद्या काढू म्हटलं आणि ग्रुपवर कळवायचंही विसरले. सकाळी आमच्यातल्या मंगेशची पाळी. त्याला वाटलं, जुन्या प्रदर्शनातलंच चित्र आहे. चुन्याचे दोन हात... संपलं.

फोनवर पारूबाई एवढंच म्हणाल्या, "पुसाचंच होतं तं काढाले कायले लावलं वं?" पुढे त्यांनी माझा फोन घेतला नाही. मला स्वतःचीच लाज वाटायची.

यंदा एस्टोनियातल्या अशाच एका कलाकारांच्या जागेशी आमचं जोडप्रदर्शन ठरलं. तिथली चित्रकार आणि क्युरेटर लीस. दोन्हीकडे एकेक भिंत रंगवायची आणि उद्‌घाटनापर्यंत एकमेकांना काही दाखवायचं नाही, असं ठरलेलं. आमची भिंत मी हट्टाने कोरी ठेवली – पारूबाईंसाठी. मंगेश स्वतः जाऊन, पाया पडून त्यांना घेऊन आला. आल्या, पण रंगाला हात लावेनात.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल लागला. लीसने कॅमेरा भिंतीकडे वळवला आणि मी किंचाळलेच! डोंगर. शेळ्या. मागे वळून पाहणारी ती – तीन पायांची!!

"हे कुठून आणलंस?" मी इंग्रजीत ओरडले. ती बिचारी गोंधळली. भिंत पांढरी केली आणि हात आपोआप चालत गेला, म्हणाली. चौथ्या पायाशी थांबला. भारतात ती कधी आलेली नाही. फोटो तर नव्हताच!

"अवं, म्या तं चुना मारतानी धड पाह्यलंबी नाही!" मंगेश घामाघूम.

पारूबाई उठून स्क्रीनजवळ गेल्या. आता चिडणार, असं मला वाटलं. पण त्या अशा काही हसल्या की काय सांगू! "मी समजली, माहं चित्र मेलं. थे तं फिराले गेलतं!" मग लीसलाच म्हणाल्या, "सांग वं पोरी, पुढचं कोन काढते? तू का मी?"

मी भाषांतर केलं. लीसने दोन्ही हात पारूबाईंकडे केले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तेव्हा तर विचार करायलाही सवड नव्हती – पारूबाईंनी पदर खोचला होता आणि गेरू भिजवायला त्या मलाच हाका मारत होत्या.