सुनेसाठी शिकलेलं इंग्रजी

मुलाने चेन्नईहून फोन केला, "आई, मले सुट्टी नाही भेटून राह्यली. तुयी सून एकटीच येऊन राह्यली." सून तमिळ. तिला मराठीचा गंध नाही आणि मला तमिळचा. लग्नानंतर ती एकदाच अमरावतीला आली होती, तेव्हा आमचं सगळं बोलणं मुलाच्या मार्फत चाललं. आता हा मधला माणूसच नाही म्हटल्यावर आम्ही बोलायचं कसं? पोरगी पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसून परत गेली, तर पुन्हा एकटी कशाला येईल? मला मुलगी नाही. ती यायला हवी होती मला, सारखी सारखी, हक्काने.

मग शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी धरली. म्हटलं, सुनेशी बोलायला येण्याजाण्यापुरतं इंग्रजी शिकव. फुलांच्या बाजारात आमच्या झेंडूसाठी आडत्याशी भांडताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत, पण या पोरीने घाम फोडला. गाडी येते तेव्हा अराइव्ह, माणूस पोचतो तेव्हा रीच, गाडीतून उतरायचं तर गेट डाउन नाही, गेट ऑफ, आणि घर आलं की गेट होम.

"अवं, एका पोचण्याले इतके शब्द कायले लागतात?" मी वैतागून विचारलं.

"काकू, तुमी फक्त रीच ध्यानात ठेवा. सगळीकडे चालते," ती म्हणाली.

गाडी येणार त्या दिवशी सकाळपासून फोन माझ्या हातात. बल्लारशा आलं असेल असं वाटलं की लिहिलं, "व्हेअर हॅव यू रीच्ड?" वर्ध्याच्या सुमाराला पुन्हा तेच. धामणगावला पुन्हा. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला असं दर स्टेशनाला विचारलं नाही, तर त्याला वाटतं आपली कोणाला पडलीच नाही. तिचं उत्तर यायचं, स्टेशनाचं नाव आणि पुढे ऑण्टी. ते ऑण्टी मला खड्यासारखं लागायचं. शेवटी मुलाचाच फोन आला.

"आई, काहून इतक्या खेपा विचारून राह्यली? घाबरली ना थे. तिले वाटते, आपण चुकीच्या गाडीत बसलो का काय!"

"अन् झोप लागली तं? बडनेरा सोडून अकोल्याले जाईन ना थे सरळ!" असं म्हणून मी फोन ठेवला.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला ती नीट उतरली. मी घ्यायला गेले होते. मी पुढे झाले आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "आय होप यू हॅव रीच्ड सेफली." ती अदबीने म्हणाली, "यस ऑण्टी, थँक्यू." झालं. माझं पाठ केलेलं सगळं इंग्रजी तिथेच संपलं. बडनेऱ्याहून घरापर्यंत ऑटोत ती त्या बाजूचा रस्ता पाहत होती आणि मी या बाजूचा. मला रडू यायचं बाकी होतं. मी मनातल्या मनात मुलावर चिडले, शेजारच्या पोरीवर चिडले, आणि सर्वात जास्त त्या रीचवर.

घरी यांना बजावून गेले होते, धुतलेला सदरा घाला आणि वेलकम म्हणा. दोन्ही विसरले. झेंडू तोडून नुकतेच आले होते, हात पिवळे, तसेच दारात उभे. तिच्याकडे पाहिलं आणि येणाऱ्या कुठल्याही लेकीबाळीला म्हणतात तसं म्हणाले, "आली का वं माय?"

ती माझ्याकडे पाहू लागली. आता हिला काय सांगायचं? समोर उभ्या असलेल्या माणसाला आली का म्हणून विचारतात, हे इंग्रजीत बोलायचीच मला लाज वाटली. पण ती वाट पाहत होती. म्हटलं, "ही इज आस्किंग, हॅव यू कम?" आणि सारवासारव करायला पुढे, "ही कॅन सी. स्टिल ही इज आस्किंग."

पोरगी एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी उभी राहून खळखळून हसली. मग भराभरा सांगू लागली. निम्मं मला कळलं. तिच्या गावी आजी हेच करते म्हणे. नात दारात उभी दिसत असते, तरी विचारते, "वंदाच्चा?" म्हणजे आलीस का. चेन्नईत असं तिला कोणी विचारत नाही. एवढं सांगून ती यांच्याकडे वळली आणि यांचाच शब्द उचलून म्हणाली, "आली."

बैठकीत मी तिच्यासाठी खुर्चीवर नवी चादर घालून ठेवली होती. त्या खुर्चीकडे न बघता ती सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली, आणि दुसरा पेला भरून माझ्यापुढे केला. मला इतकं बरं वाटलं की तहान नसताना मी तो पेला सगळा प्यायले.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, रीच झाली का थे?"

"रीच तं बडनेऱ्यालेच झाली होती," मी म्हटलं. "घरी आता आली."