अखाजीच्या सुट्टीतल्या वीस सबबी

साठ सालच्या आसपास पुण्याच्या कॉलेजात मी फ्रेंच घेतलं. आमच्या तापीकाठच्या गावात ही भाषा कुणी ऐकलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सरांनी अभ्यास दिला: 'मी का येऊ शकलो नाही' याची कारणं देणारी वीस वाक्यं. फ्रेंचमध्ये कारणाला एक शब्द पुरत नाही. 'का'चं उत्तर द्यायचं तर पार्स्क, ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असेल तर प्विस्क, कारणच आधी सांगायचं तर कॉम, आणि लिहिताना जरा ऐटीत कार.

तेवढ्यात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, पण भावाने न्यायला जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी गेला नाही तर लेक निघत नाही. थोरली बहीण कोरीटला दिलेली आणि भाऊ मी एकटाच. "बहीण वाट दखी ऱ्हायनी व्हई," आई म्हणाली. मी वही पुढे केली, अभ्यास आहे म्हणालो. अभ्यास कसला! नवी पँट घालून बैलगाडीत धूळ खात जायला मला कमीपणा वाटत होता. शिकणाऱ्या मुलापुढे आई-वडिलांनी हात टेकले. ओसरीवर बसून मी सबबी लिहीत राहिलो. पहिलंच वाक्य होतं: मी आलो नाही, पार्स्क मला ताप होता.

सण झाला आणि तिसऱ्या दिवशी बहिणीच्या सासऱ्यांची गाडी दारात उभी राहिली. मी आमरसाची वाटी तोंडाला लावली होती. सासऱ्यांच्या हातात सुंठीची पुडी होती.

"सून सांगे, तुले ताप शे," ते म्हणाले. "आते कसं शे?"

"मला कुठे ताप?" मी पुस्तकी मराठीत हसून म्हणालो.

बोलून गेल्यावर उमजलं. गाठोडं बांधून वाट पाहणाऱ्या बहिणीने सासरी माझी लाज राखली होती, आणि मी तिला तोंडघशी पाडलं होतं. तेच खोटं आत वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. सासरे पाणी प्यायले, पुडी आईच्या हातात दिली आणि निघाले. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वीस वाक्यांना पुढे पैकीच्या पैकी गुण मिळाले; वही घरी दाखवायची मात्र मला कधी हिंमत झाली नाही.

पुढच्या अखाजीला कुणी न सांगता मी कोरीटला गेलो. परतताना बहीण गाडीत शेजारी बसली होती. शेवटी धीर करून मी म्हणालो, "आक्का, गेल्या साली मी..."

"ऱ्हाऊ दे, भाऊ," ती म्हणाली. "मन्हं बोलनं आते तठे कोनी खरं मानत नही."