रबरकाकूंचे कोरडे हातमोजे

रबरकाकूंना माझा चेहरा लक्षात राहायला तीन वर्षं लागली. हात मात्र पहिल्या भेटीतच पाठ झाला. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मंडळाचा गणपती होता, शाळेच्या जिममध्ये. मी प्रसादासाठी हात पुढे केला, तर या बाईंनी त्यावर मोदक ठेवायच्याऐवजी हातच पकडला. उलटा केला, सुलटा केला, पेरं दाबली, मनगटाला अंगठा आणि मधलं बोट लावून माप घेतलं. तोवर मागची रांग ओहायोपर्यंत गेली होती. काकू शांतपणे म्हणाल्या, "पंजा एक्स-एल, मनगट स्मॉल. देवाने दोन वेगवेगळ्या दुकानांतून खरेदी केलीय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'एक्सेल'. माझी बायको मीनल 'मीडियम'. आमची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत, आणि आम्हीही सांगितली नाहीत. साइज बरोबर होती.

त्यांचंही खरं नाव फक्त त्यांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर असावं. सगळं आयुष्य त्यांनी गाड्यांच्या दारांना बसतं त्या रबराच्या डिझाइनमध्ये घालवलं होतं, म्हणून रबरकाकू. मिशिगनमधल्या धुवाधार पावसात गाडी चालवताना तुमची मांडी कोरडी राहत असेल, तर काकूंचे आभार माना. मूळच्या कराडच्या, कासाराच्या घरातल्या. "बाप हातात बांगडी बसवायचा, मी दारात रबर बसवलं," त्या सांगत. "बसवायचं म्हणजे काय ते लहानपणी कळलं, बाकी सगळं कॉलेजात शिकले." काका गेले तेव्हा त्या पन्नाशीत होत्या. त्यानंतर त्या डायव्हिंग शिकल्या. का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "घरात हवा फार झाली होती. म्हटलं, जरा पाण्यात जाऊन बघू."

आता आमच्याकडचं पाणी म्हणजे काय, हे कळायला हवं. लेक ह्युरॉन इतकं थंड आहे की त्यात मासे पोहत नाहीत, नुसते थरथरतात, आणि आपण त्याला पोहणं म्हणतो. मी नागपूरचा माणूस. मे महिन्यात कपाळावर पापड भाजून खाल्लेला. अशा पाण्यात जायला ड्रायसूट लागतो. म्हणजे गळ्यापासून पायापर्यंत पाणी आत न येऊ देणारा पोशाख, त्याच्या आत लोकरीचे कपडे. अंग कोरडं राहतं. पण हात बाहेर! साधे ओले हातमोजे, म्हणजे आत पाणी शिरू देणारे, घातले की बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि थांबली की समजायचं, आता ती तुमची नाहीत. काकूंचं सगळं तत्त्वज्ञान इथून सुरू व्हायचं. "अरे, पाण्याखाली तोंड बंद असतं. बोलायचं ते हातानेच. तिथे हात गार पडला म्हणजे माणूस मुका झाला."

काकूंच्या नादाने मीही डायव्हिंग शिकलो, आणि पहिल्याच डाइव्हला एक इतिहास घडवला. आदल्या दिवशी सत्यनारायण होता, आणि पूजेचा लाल दोरा मनगटावर तसाच राहिला होता. सूटच्या बाहीच्या टोकाला रबराची घट्ट पट्टी असते, मनगटाला चिकटून पाणी अडवणारी. तिच्याखालून माझा दोरा आरपार. खाली गेलो आणि त्या दोऱ्याच्या कडेकडेने लेक ह्युरॉन माझ्या बाहीत शिरलं. काखेपर्यंत आलं तेव्हा मी जी किंकाळी फोडली, ती कॅनडात ऐकू गेली, आणि तिथल्या लोकांनी सवयीप्रमाणे 'सॉरी' म्हटलं. वर आल्यावर काकूंनी बाही पिळली, दोरा बघितला आणि हसून हसून बोटीवर आडव्या झाल्या. मग एकदम उठून बसल्या. "एक्सेल, ज्या वाटेनं पाणी आलं, त्या वाटेनं हवा पण जाईल की रे."

कारण कोरड्या मोज्यांची हीच तर अडचण असते. मोजा बाहीच्या टोकाला कड्याने पक्का बसवला की पाणी येत नाही खरं, पण खोल गेलं की मोज्यातली हवा दबते आणि तो बोटांना आवळायला लागतो. सूटमधली उबदार हवा तिथवर पोचायला एक बारीक वाट लागते. दुनियाभरचे डायव्हर त्यासाठी पट्टीखाली नळी नाहीतर दोरी घालतात, हे काकूंना माहीत होतंच. पण त्या दिवसापासून आमच्याकडे फक्त पूजेचा लाल दोरा. आमच्या ग्रुपमधला डग, साडेसहा फूट उंच, आयुष्यभर ट्रक चालवलेला, तोसुद्धा सत्यनारायणाची तारीख विचारू लागला. "आय नीड माय थ्रेड, काकू!"

मोजे बसवून घ्यायला लोक त्यांच्या गराजमध्ये येत. तिथे काकू साबणाचं पाणी घेऊन स्टुलावर बसत, तुमचा हात मांडीवर घेत, अंगठा आत दुमडत, करंगळीकडची बाजू हलकेच चेपत, आणि ती अरुंद पट्टी कधी मनगटावर गेली ते कळतसुद्धा नसे. हात ताठ ठेवला की चापट. "सैल सोड. तुझा हात नाहीच, माझा आहे असं समज." हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. नव्या नवरीचा हात घाबरून आखडला की ते असं म्हणायचे. आणि दोन्ही हात भरून झाले की नमस्कार करायचा, कासाराला करतात तसा. त्यातून सुटका नाही. डग गुडघ्यांवर बसून नमस्कार करायचा, तेव्हा गराजचा एक कोपरा अंधारात जायचा.

पण नमस्काराने पास होत नसे. पुढे परीक्षा होती. बर्फाच्या पाण्याने भरलेला पिकनिकचा कूलर, त्यात मोज्यांसकट दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवायचे, आणि काकूंची कराडची एक अख्खी गोष्ट ऐकायची. त्यांच्या गोष्टींची लांबी ज्यांना माहीत आहे, त्यांना यातलं क्रौर्य कळेल. गोष्ट संपली की हात बाहेर काढून अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करून दाखवायचा. पाण्याखाली 'मी ठीक आहे' म्हणायची खूण. टोकं जुळली नाहीत तर डाइव्ह कॅन्सल. मग तुम्ही फ्लोरिडाहून विमानाने आलेले असा की बोटवाल्याचे सख्खे जावई. "ज्याला ओके करता येत नाही, तो ओके नाही," एवढं बोलून त्या कूलरचं झाकण लावत.

त्यांची स्वतःची वर्षातली एक डाइव्ह ठरलेली होती. लेक ह्युरॉनच्या तळाशी एक जुनं लाकडी गलबत आहे. गोड्या गार पाण्यात लाकूड टिकतं, त्यामुळे ते आजही उभं आहे. त्याच्या पोटात काचेचा माल होता: पेले, बशा, बरण्या, अजून चळतीच्या चळती, एकीवर एक. आम्ही सगळे जहाज बघायला जायचो. काकू त्या चळतींसमोर तरंगत राहायच्या, दिव्याचा झोत हळूहळू फिरवत. काचेवरून उजेड घरंगळायचा. कशाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्यांनी कधी लावला नाही. वर आल्यावर म्हणायच्या, "झालं माझं माहेरपण." कराडचं दुकान केव्हाच गेलं होतं. भाऊही राहिला नव्हता. काचेच्या चळती लावलेलं घर त्यांच्यासाठी आता तेवढं एकच उरलं होतं, आणि ते पाण्याखाली होतं.

मग त्यांच्या बोटांची पेरं सुजायला लागली. संधिवात. आधी स्वेटरची बटणं गेली, मग किल्ली, मग लोणच्याची बरणी. मुलगी टेक्सासमध्ये शुगर लँडला असते, डॉक्टर आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, प्लीज. यू कान्ट लिव्ह अलोन. इकडे ये, इथे थंडी नाही." काकू मला म्हणाल्या, "जाते. पण एकदा माहेरी जाऊन जाते." आणि त्यांनी स्वतःचा कूलर भरला.

त्या दिवशी गराजमध्ये मी आणि डग दोघंच होतो. काकूंनी आपले जुने मोजे घातले. त्यांच्या अरुंद कड्यातून सुजलेला पंजा जाताना त्यांनी ओठ चावला. मोजे असे आवळलेले की आत लोकरीला जागा नव्हती. बर्फात हात घातले. गोष्ट कुणी सांगायची? त्याच सांगू लागल्या, आणि पहिल्यांदाच गोष्ट लहान निघाली. हात बाहेर आले. अंगठा निघाला, तर्जनी निघाली, आणि मध्ये बोटभर अंतर ठेवून दोघं थांबले. काकूंनी डाव्या हाताने उजव्याची टोकं जुळवायचा प्रयत्न केला. मग स्वतःच म्हणाल्या, "नापास." आणि झाकण लावलं.

डग बाहेर जाऊन ट्रकच्या टायरला लाथा मारत राहिला. मी म्हटलं, "काकू, मोजे नापास झाले. तुम्ही नाही." त्या म्हणाल्या, "मग दुसरे आण. पण नियम तोच."

मी आणले. माझ्या खरेदीमुळे मिशिगनमधल्या मोज्यांचे भाव वाढले असं लोक म्हणतात, मी नाही म्हणत. पहिला सेट महागातला, चमकदार, कडं पिळून बंद करायचं. काकूंनी एकदा पिळून बघितलं आणि माझ्या हातात परत दिला. "हे बरणीचं झाकण आहे, एक्सेल. बरणी उघडत नाही म्हणूनच मी टेक्सासला चाललेय ना?" मग कड्याविना, बाहीवर नुसते ओढून चढवायचे मोजे आणले. ते ओढायलाही चिमटीत जोर लागतो. शेवटी मी म्हटलं, मनगटाची आतली पट्टीच काढून टाकू, हात सरळ जाईल. इथे त्यांनी मला चापट मारली, सुजलेल्या हाताने. "आणि मोजा फाटला तर? सगळा सूट भरेल! गाडीच्या दाराला रबराच्या दोन ओळी असतात, त्या काय शोभेला?"

मी घरी येऊन मीनलला म्हटलं, जमत नाहीये. ती म्हणाली, "तू मोजे बघत बसलायस. हात बघ ना." एवढं ऐकायला मला तिच्याशी लग्न करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि काकूंचा हात हातात घेतला. उलटा, सुलटा. पेरं दाबली, हळू. मग सगळं सोपं झालं. लंबगोल, मोठं कडं, जे पिळायचं नाही, नुसतं तळव्याने दाबलं की बसतं. आणि तो तळवा माझा असला तरी चालतं. आतली पट्टी ठेवली, पण रबरापेक्षा मऊ, सिलिकॉनची. मोजा दोन साइज मोठा, आत मीनलने विणलेले लोकरीचे हातमोजे, पेरांपाशी सैल आणि टोकाशी नेमके, कारण टोकाला रिकामी जागा राहिली की बोटं जुळत नाहीत. हवेची वाट म्हणून लाल दोरा. मीनलने त्यासाठी घरात वेगळा सत्यनारायण घातला. डग तीन वेळा शिरा जेवला.

हात भरायची वेळ आली. मी साबणाचं पाणी घेतलं, स्टुलावर बसलो, त्यांचा हात मांडीवर घेतला. अंगठा आत दुमडला. दुखेल म्हणून त्यांनी हात आखडला.

"काकू, सैल सोडा," मी म्हटलं. "तुमचा हात नाहीच, माझा आहे असं समजा."

काकूंचा हात एकदम हलका झाला, पाळण्यात झोपलेल्या पोरासारखा. पट्टी गेली. दुसरीही गेली. कडी बसली. मग त्या उठल्या आणि मला काही कळायच्या आत त्यांनी ते दोन मोठाले काळे मोजे जोडून मला नमस्कार केला. मी म्हटलं, "अहो काकू, काय हे! पाप लावता का मला?" तर म्हणाल्या, "गप. पद्धत आहे."

कूलर झाला. गोष्ट मी सांगितली, नागपूरची, आणि देवाशपथ, बर्फ वितळून कोमट होईल इतकी लांबवायला लागलो होतो. "चीटिंग करू नकोस," त्या म्हणाल्या आणि हात बाहेर काढले. टोकं जुळली. जुळली म्हणजे अगदी पूर्ण नाही; मध्ये तांदळाचा दाणा मावला असता. काकूंनी स्वतःच्या हाताकडे बराच वेळ बघितलं. "पास म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण थांब." डोळे मिटून त्यांनी जोर लावला, आणि तांदळाचा दाणा गेला.

त्या आठवड्यात आम्ही गेलो. पाणी नेहमीसारखंच, थरथरत्या माशांनी भरलेलं. मी काकूंच्या खांद्याशी, डग मागे एखाद्या कपाटासारखा. गलबत खालून हळूहळू वर आलं. काकू चळतींसमोर थांबल्या आणि दिवा फिरवू लागल्या. नेहमीपेक्षा हळू. प्रत्येक चळतीपाशी थोडं थांबून, निघताना घरातल्या एकेका माणसाचा निरोप घ्यावा तशा. मी वेळ बघितली, हवा बघितली, आणि त्यांच्यासमोर जाऊन खूण केली: ओके?

त्यांनी हात वर केला. त्या तसल्या पाण्यात, एवढ्या खोल, अंगठा आणि तर्जनी एकमेकांकडे निघाली आणि सहज, कसलाही जोर न लावता, जुळली. गोल. बांगडीसारखा पुरा गोल. त्यातून पलीकडच्या काचेचा उजेड दिसत होता. मास्कच्या आत माझ्या डोळ्यांतून काय आलं ते विचारू नका. सूट कुठेही गळला नव्हता, एवढं लिहून ठेवतो.

काकू आता शुगर लँडला असतात. फोनवर सांगतात, "इथल्या स्विमिंग पूलचं पाणी इतकं गरम आहे, चहापत्ती टाकली की झालं." तिथल्या मंडळात संक्रांतीला खुर्चीवर बसून मुलींना बांगड्या भरायला शिकवतात. बोटं चालत नाहीत, पण चापट अजून बसते म्हणे.

इकडे त्यांचं स्टूल, कूलर आणि साबणाचं भांडं माझ्या गराजमध्ये आलं आहे. परवाच पुण्याहून आलेली एक मुलगी मोजे बसवून घ्यायला आली होती. हात ताठ, मनगट स्मॉल. तिला मी म्हटलं, सैल सोड, तुझा हात नाहीच, माझा आहे असं समज. दोन्ही हात भरून झाल्यावर ती वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा मी तिला खांद्याला धरून वळवलं, गराजच्या दुसऱ्या भिंतीकडे.

"इकडे नाही. दक्षिणेकडे तोंड कर."

ती बिचकली. "काका, दक्षिणेला नमस्कार नाही करत ना?"

"आमच्याकडे करतात," मी म्हटलं. "शुगर लँड तिकडे आहे."