वऱ्हाड म्हणून आलेले आमदार

फोनवरचा माणूस म्हणाला होता, "लग्नाचं वऱ्हाड आहे. सगळ्या खोल्या लागतील. दुसऱ्या कोणाला घेऊ नका."

डहाणूजवळ, आगर गावाच्या थोडं पुढे आमची चिकूची वाडी आहे. वाडीतच पाच खोल्या बांधून आम्ही नवरा-बायको पाहुणे ठेवतो. वऱ्हाडं आम्हाला नवीन नव्हती. मी हो म्हटलं.

संध्याकाळी मिनीबस आली आणि तिच्यातून सात पुरुष उतरले. सगळे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, पण चेहरे दमलेले. मागून एक सडपातळ, गोड बोलणारा माणूस उतरला. फोन केला होता तो यानेच. आमच्याकडे स्वयंपाकाला वेवजी गावच्या मावशी असतात, हंगामात वाडीवरच राहतात. त्या खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "वऱ्हाड आहे ना ताई? मग बाया कुठं?"

टीव्ही लावला तेव्हा उलगडा झाला. मुंबईत तीन पक्षांनी मिळून सरकार बनवायचं ठरवलं होतं. आकडा जेमतेम जुळत होता, आणि कोणी फुटू नये म्हणून त्यातल्या एका पक्षाने आपले काही आमदार 'अज्ञात स्थळी' हलवले होते. ते अज्ञात स्थळ म्हणजे आमची वाडी. गोड बोलणारा माणूस त्या पक्षाचा सरचिटणीस होता.

त्या वेळी वातावरण खरंच वऱ्हाडाचं होतं. ओटीवर पत्ते, ओल्या बोंबलांचं कालवण, मोठ्याने हसणं. शपथविधी त्यांनी आमच्याच टीव्हीवर पाहिला आणि पेढे वाटले. एकच जण जरा बाजूला असायचे. मराठवाड्याकडचे, पहिल्यांदाच निवडून आलेले, वयाने माझ्या वडिलांच्या आसपास. धोतर नेसायचे. ते आमच्या ह्यांच्याबरोबर वाडीत फिरत आणि कॅरेटमध्ये चिकू कसे भरायचे ते बघत. मी त्यांना काका म्हणायला लागले. बहुमत सिद्ध करायला निघाले तेव्हा मावशींना म्हणाले, "माय, असं कालवण आमच्याकडं मिळायचं नाही."

सरकार बनलं. पुढे दीडेक वर्ष ते आज पडतं की उद्या, एवढंच टीव्हीवर चालू असायचं. तीन पक्ष एकमेकांकडे चोरट्या नजरेने बघत कारभार करत होते. मग एक दिवस सरचिटणीसांचा पुन्हा फोन आला. "ताई, तीच मंडळी. दुसरं लग्न निघालंय." आवाज गोड होता, पण त्यात हसू नव्हतं.

या खेपेला बस दुपारी आली आणि थेट मागच्या अंगणात लावली गेली. फाटकाला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलं. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून सरचिटणीसांनी एका कापडी पिशवीत टाकले. मग माझ्यासमोर पिशवी धरून म्हणाले, "ताई, तुमचाही दिलात तर बरं होईल. दोनच दिवस."

"आमची गिऱ्हाइकं आहेत, व्यापाऱ्यांचे फोन येतात," हे मधेच म्हणाले. "आमचे फोन आमच्याकडेच राहतील."

सरचिटणीस हसले. पण त्यानंतर मी फोन कानाला लावला की ते कुठून तरी जवळ येऊन उभे राहायचे. मावशींनाही त्यांनी गाठलं. घरी कोण असतं, कोणाशी बोलता, नातेवाईक कुठे कामाला आहेत. "माझा दीर अच्छाडला, हद्दीवरच्या ढाब्यावर आहे," मावशींनी सांगितलं आणि मग मला येऊन विचारलं, "ह्या माणसाला माझ्या दिराशी काय करायचंय?"

पत्ते निघालेच नाहीत. माणसं ओटीवर यायची, पण एकेक खुर्ची सोडून बसायची. दोघं बोलायला लागले की तिसरा पाणी प्यायच्या निमित्ताने तिथून जायचा. विरोधकांनी अविश्वासाचा ठराव आणला होता आणि दोन दिवसांनी मतदान होतं.

चिकू निवडता निवडता हे मला म्हणाले, "एक सांग. सरकार वाचवायचं असेल तर माणसं मुंबईत डोळ्यासमोर ठेवशील की नाही? गुजरातच्या हद्दीपाशी कशाला आणशील?"

माझ्या मनातही तेच होतं, पण ते कोणी बोलून दाखवावं असं मला वाटत नव्हतं. त्या क्षणापासून सरचिटणीसांच्या प्रत्येक वाक्याला मी दोन अर्थ लावू लागले.

त्याच संध्याकाळी मी मागे मोरीपाशी भांडी घासत होते, तर काका आले. हळूच म्हणाले, "ताई, एक फोन लावू देता का? लेकीला दवाखान्यात नेलंय. बाळंतपण हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लेकीचं बाळंतपण ही फोन मिळवायची किती सोपी युक्ती आहे, असं माझ्या मनात आलं. समजा काकांनी दुसरीकडेच बोलणी लावली, तर उद्या पोलीस आमच्या दारात येतील. तरीही मी फोन दिला आणि तिथेच उभी राहिले.

पलीकडे त्यांची बायको असावी. "सुटली का? ... पोरगी? बरं झालं. दोघी बऱ्या हायत ना?" ते धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मग आवाज बदलून म्हणाले, "आन् ऐक. बैल घरीच ठेव. कोणी कितीबी मागितला तरी बाजारात न्यायचा नाही."

फोन परत करताना त्यांनी हात जोडले. मी 'अभिनंदन काका' म्हटलं, पण माझं चित्त त्या बैलावर होतं. नुकतं नातवंड झालेला माणूस बैलाचं काय बोलतो? हा बैल म्हणजे कोण? ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बैल म्हणजे बैलही असू शकतो." आम्ही दोघंही हसलो, आणि तरी मी तो नंबर फोनमधून काढून टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच सरचिटणीसांनी बस काढायला सांगितली. "चला, मुंबई. उद्या मतदान, आज हॉटेलात मुक्काम." सगळे चढले, काकाही. योगायोगाने ह्यांना चारोटीच्या व्यापाऱ्याकडे माल पोहोचवायचा होता. आमचा टेम्पो बसच्या मागोमाग निघाला.

तासाभराने ह्यांचा फोन आला. "चारोटी नाक्यावर बस डावीकडे वळली."

मुंबई उजवीकडे. डावीकडे तलासरी, अच्छाड आणि मग गुजरात.

"कोणाला कळवायचं का?" मी विचारलं.

"कोणाला कळवणार? ज्याला कळवू तोच त्यांच्यातला निघाला तर?"

आम्ही कोणालाच काही कळवलं नाही. दुपारी टीव्हीवर सहा आमदार नॉट रिचेबल असल्याची बातमी फिरायला लागली आणि मग सातवं नाव आलं, काकांचं. त्यांच्या गावात लोकांनी त्यांचा पुतळा जाळला, तेही दाखवलं.

पुतळा जळताना मी बघत होते आणि फाटकाशी रिक्षा थांबली. धुळीने माखलेले काका उतरले. मावशींनी पाणी दिलं. एका दमात पिऊन ते बोलायला लागले. अच्छाडला ट्रकांच्या रांगेत बस अडकली. पाट्या गुजरातीत दिसायला लागल्या तेव्हा काकांनी सरचिटणीसांना विचारलं, मुंबईला हा कुठला रस्ता? ते म्हणाले, जरा फिरून जातोय. "मी म्हणलं, लघवीला जाऊन येतो. उतरलो आन् ट्रकांच्या मागनं चालत सुटलो. एका ट्रकवाल्यानं तलासरीला सोडलं. ताई, मला मुंबईला पोचवा. मत द्यायचंय मला."

चारोटीहून परतलेल्या ह्यांनी मला आत बोलावलं. "यांना मुद्दाम परत पाठवलं असेल तर? उरलेल्यांतले आणखी दोघं-तिघं फोडायला?"

"मग नको न्यायला?"

ह्यांनी दाराआडून ओटीवरच्या काकांकडे पाहिलं. मग गाडीची किल्ली उचलली. "नेतो. फसवलंच तर आपल्या गाडीत बसून तरी फसवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी त्यांना विधानभवनाच्या दाराशी सोडलं. काकांनी सरकारच्या बाजूने मत दिलं. बाकीचे सहा आलेच नाहीत, आणि सरकार थोडक्या मतांनी पडलं. एकट्या काकांच्या मताने ते वाचणारच नव्हतं. बाहेर पत्रकारांनी त्यांना घेरलं. एकाने विचारलं, "गेलात का, हे जाऊ द्या. परत यायला काय मिळालं?" काका सोगा सावरत गर्दीतून बाहेर पडले. त्यांच्या पक्षातही कोणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. सरचिटणीसांना मात्र नव्या सरकारात एका महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मतदानानंतर काही महिन्यांनीच मावशी वेवजीहून परत आल्या त्या वेगळंच सांगत. त्यांचा दीर त्या दिवशी ढाब्यावरच होता. धोतरवाले म्हातारे मागच्या बाकावर बसून भजी खात होते. बसने दोन-तीनदा हॉर्न वाजवला, सरचिटणीस खाली उतरून शोधून गेले, आणि बस निघून गेली. "उतरून पळाले असं नाही ताई," मावशी म्हणाल्या. "राहून गेले."

लपलेला माणूस बाकावर बसून भजी खाईल? की आता सगळं संपलं असं वाटून भूक लागली असेल? की दिराला दुसराच कोणी धोतरवाला दिसला? मी खूप उलटसुलट विचार केला.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला काकांचा फोन आला. सगळ्यांची चौकशी झाल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, अच्छाडला तुम्ही ढाब्यावर थांबला होतात का हो?"

ते म्हणाले, "थांबलो होतो. पाय चालंनात. बस गेल्यावर बरं वाटलं मला. पुढचं तुम्हाला काय समजायचं ते समजा."

मी म्हटलं, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. ते हसले आणि म्हणाले, "ठेवता म्हणता, तेवढं पुष्कळ झालं." त्यांनी नातीला फोनवर बोलायला लावलं, ती नुसती खिदळली. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "खरं बोलले असावेत."

"असावेत?" हे म्हणाले.

मी भाजी चिरायला घेतली.